लाकडी घाणा, फ्लेक्स आणि दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक

परभणीहून एका तरुण घाणेवाल्याने दुकानाचे व फ्लेक्सचे फोटो आणि फेसबुकवरच्या पोस्ट जोडून विचारलं आहे: "वर्षभरापूर्वी लाकडी घाणा टाकला. करडई, शेंगदाणा आणि तिळाचं तेल काढतो. गेल्या सहा महिन्यांत चौकातले फ्लेक्स, रिक्षावरचा भोंगा, पेपरातली पॅम्प्लेटं आणि फेसबुकवर बूस्ट केलेल्या पोस्ट यांवर महिन्याला १५ हजारांप्रमाणे ९० हजार रुपये गेले. जाहिरात लागली की आठ-दहा दिवस गर्दी होते, मग पुन्हा पहिल्यासारखंच. मोठा भाऊ म्हणतो जाहिरात वाढव. मित्र म्हणतो जाहिरात बंद कर, मार्केटिंग कर. मला या दोन्हीतला फरकच कळत नाही. पैसे कशात घालू?"

तुमच्याच प्रश्नातलं एक वाक्य पुन्हा वाचा. जाहिरात लागली की आठ-दहा दिवस गर्दी होते. म्हणजे जाहिरातीने तिचं काम केलं. माणसं वाट वाकडी करून घाण्यापर्यंत आली, पैसे देऊन तेल घेऊन गेली. तेल ही काही आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू नाही. चार माणसांच्या घरातला डबा महिना-दीड महिन्यात रिकामा होतो आणि तो पुन्हा कुठून तरी भरला जातोच. तो तुमच्याकडून भरला गेला नाही. तेव्हा शोधायचं आहे ते एवढंच, की एकदा आलेलं माणूस परत का आलं नाही. याचं उत्तर हातात नसताना भावाचं ऐकून जाहिरात वाढवली, तर परत न येणाऱ्यांची संख्या वाढेल.

नेमका सल्ला बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला तुमच्या प्रश्नावरून कळत नाहीत. दुकान घाण्याला लागून आहे की बाजारपेठेत? करडई फेब्रुवारी-मार्चच्या हंगामात भरून ठेवता की लागेल तशी मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, आणता? घरगुती गिऱ्हाईक किती आणि हॉटेल-फरसाणवाले किती? उधारी किती अडकली आहे? यांतली एखादी गोष्ट बदलली तरी सल्ला बदलेल. मी खाली लिहितोय ते करडईचं तेल आणि घरगुती गिऱ्हाईक धरून. परभणीत लाकडी घाण्याची खरी ओळख तीच आहे असं मला वाटतं.

मी या भागात बावीस वर्षं जाहिरातीचं काम करतो. सुरुवात भिंती रंगवण्यापासून झाली. बियाणं, सिमेंट, पाइप यांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर ब्रशने लिहायचो. फ्लेक्स आले तेव्हा ते छापायला लागलो. त्या काळात गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "दहा बाय वीसचा बोर्ड करा." मी करून द्यायचो. तो बोर्ड त्याला हवाय का, हे मी कधी विचारलं नाही. एका तालुक्याच्या गावात फरसाणाच्या नव्या दुकानाची मी दणक्यात जाहिरात केली होती. पहिल्या रविवारी सकाळी अकरालाच माल संपला. दुपारभर लोक येत होते आणि रिकामे ट्रे बघून परत जात होते. दुसऱ्या रविवारी कोणी फिरकलं नाही. दुकान सहा महिन्यांत बंद झालं. त्या माणसाने घरातलं सोनं मोडून ते टाकलं होतं. तेव्हापासून बोर्डाचं माप घेण्याआधी मी दुकानाच्या गल्ल्याजवळ अर्धा दिवस बसतो.

आता फरकाकडे येऊ. जाहिरात म्हणजे पैसे देऊन केलेलं बोलावणं. पूर्वी दवंडी पिटायचे, आता फ्लेक्स लावतात, पोस्ट बूस्ट करतात. मार्केटिंग हे त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं: माल कुणासाठी आहे, त्या माणसाला नेमकं काय हवंय, ते कसं बनवायचं, काय भावात द्यायचं, त्याच्या हातात कसं पोचवायचं, आणि मग त्याला ते कळवायचं कसं. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६० मध्ये याची चार खणांत मांडणी केली: वस्तू, किंमत, जागा आणि प्रसार. कॉलेजात आजही हीच मांडणी शिकवतात. यातल्या चौथ्या खणात सवलत, समोरासमोरचं बोलणं, गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकाला सांगणं हे सगळं येतं, आणि त्यातला एक कोपरा जाहिरातीचा. तुमचे ९० हजार त्या एका कोपऱ्यात गेले. बाकीचे तीन खण कसे आहेत, याबद्दल प्रश्नात एक शब्दही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तुमच्या आडात पाणी नसेलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आत डोकावून बघितलेलं नाही, आणि पोहरा मात्र दर महिन्याला नवा घेताय.

याचं आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे जालन्याचा बियाणे उद्योग. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली आणि पुढे जालना म्हणजे बियाणं अशी ओळख झाली. बियाणं विकताना भिंती रंगवतात हे खरं, मी स्वतः रंगवल्यात. पण शेतकरी भिंत वाचून पिशवी बदलत नाही. म्हणून या धंद्यात गावातल्याच एखाद्याच्या रानात प्रात्यक्षिकाचा प्लॉट घेतात आणि पीक भरात आलं की शिवारफेरी काढून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना ते दाखवतात. शेतकरी बोंड हातात धरतो, कणीस सोलून बघतो, प्लॉटवाल्याला खर्च विचारतो. प्लॉट कुठल्या गावात, कुणाच्या रानात घ्यायचा हे ठरवणं म्हणजे मार्केटिंग. भिंत त्या वाणाचं नाव तेवढं लक्षात ठेवायला लावते.

तुमच्या घाण्याकडे वळतो. सात-आठ वर्षांपूर्वी नांदेडजवळच्या एका घाण्यावर मी असाच वही घेऊन बसलो होतो. मालकाला मोठा फ्लेक्स हवा होता. सकाळी एक बाई स्टीलची बरणी घेऊन आल्या. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला, एक थेंब तळहातावर घेऊन बोटाने चोळला आणि म्हणाल्या, "भाऊ, मागच्या खेपेला बुडाशी गाळ बसला होता. जुनं तेल होतं का?" मालक वजन करण्यात गुंतले होते. "तसं काही नसतं ताई," एवढंच बोलले. बाईंनी दोन किलो मागितलं होतं, नेलं अर्धा किलो. त्या परत आल्या की नाही मला माहीत नाही. पण मालकाला फ्लेक्सआधी काय लागणार होतं ते त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं.

घाण्याच्या ताज्या तेलात बियांचे बारीक कण असतात. ते तीन-चार दिवस स्थिर ठेवलं की गाळ बुडाला बसतो, मग वरचं नितळ तेल काढून कापडातून गाळून घ्यायचं. घाई झाली की हाच गाळ गिऱ्हाइकाच्या बरणीत बसतो. वीस-पंचवीस वर्षं रिफाइंड वापरलेल्या घरात गाळ दिसला की पहिला संशय भेसळीचा येतो. तेल शुद्ध असूनही नाव खराब होतं. इलाज दोन होते आणि दोन्ही स्वस्त. एक, चार दिवस नितळू दिल्याशिवाय तेल विकायचं नाही. त्यासाठी दोन टाक्या जास्त लागल्या. दुसरा, वजन करतानाच सांगायचं: "ताई, थोडा गाळ बसला तर तो करडईचाच आहे, वरचं तेल वापरा." हे वाक्य मालकाने पाठ केलं, मग त्यांच्या मुलानेही.

त्याच दिवशी दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. पाच लिटरच्या कॅनला त्यांनी दोन कॅरिबॅग चढवल्या, खिशातून कापडाची पट्टी काढली आणि झाकणाभोवती गच्च आवळून बांधली. मी विचारलं तर म्हणाले, "रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला लेकीकडं पाठवायचंय. मागं सांडलं, ड्रायव्हर लई बोलला." मराठवाड्यातल्या किती घरांतून पुण्याला असे डबे जातात हे वेगळं सांगायला नको. मालकाने त्यानंतर आतून सील बसणाऱ्या झाकणाचे कॅन आणले. कॅनमागे काही रुपये जास्त गेले, पण पुण्याला तेल पाठवणारी माणसं घाण्याला कायमची जोडली गेली, कारण गावात तसा कॅन दुसरीकडे मिळत नव्हता. मी फ्लेक्सवर कितीही चांगली अक्षरं काढली असती तरी हे गिऱ्हाईक त्याने बांधलं गेलं नसतं.

करडई तेलाची आणखी एक खोड आहे आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. ते हवा, उजेड आणि उष्णता लागली की लवकर बिघडतं आणि तेलाला खवट वास येतो. तुमच्या फोटोत पारदर्शक बाटल्या दुकानाच्या दर्शनी फळीवर, उन्हात ओळीने मांडलेल्या दिसतात. दिसतं फार सुंदर. पण परभणीचा एप्रिल-मे काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन आठवडे त्या फळीवर उभी राहिलेली बाटली जाहिरात बघून आलेल्या माणसाला मिळाली असेल, तर तो परत येणार नाही. तो तक्रारही करणार नाही, नुसता किराणा दुकानातून पूर्वीची पिशवी घेईल. मांडायला रिकाम्या किंवा रंगीत पाण्याच्या बाटल्या ठेवा. विकायचं तेल आत, अंधारात, तोंडापर्यंत भरलेलं. घाणा एकदम महिन्याचा काढू नका, दहा-बारा दिवसांचा काढा आणि बाटलीवर काढल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. परगावच्या कारखान्याच्या तेलावर इतकी ताजी तारीख सहसा नसते. तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती सांगत नाही.

किमतीचा खण. तुम्ही किलोवर विकता, किराणा दुकानातली पिशवी लिटरवर असते. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. समजा तुमचा दर किलोला ३६० रुपये आहे. लिटरच्या हिशेबात तो सुमारे ३३० होतो. गिऱ्हाईक मात्र तुमचे ३६० आणि पिशवीवरचा लिटरचा भाव शेजारी ठेवून बघतं. आधीच महाग असलेलं तेल आणखी ३० रुपयांनी महाग दिसतं आणि यात तुमचा काहीच फायदा नाही. दर लिटरमध्ये लिहा, खाली वजन द्या. शिवाय भाव का जास्त आहे हे दाखवा. करडईच्या बियांत तेल साधारण २८ ते ३० टक्के असतं आणि लाकडी घाण्यात ते सगळं निघत नाही, काही पेंडीत राहतं. म्हणजे एक किलो तेलाला साडेतीन-चार किलो करडई लागते. पाटीवर रोज हिशेब लिहा: मोंढ्यातला आजचा भाव, लागलेली करडई, पेंडीचे आलेले पैसे, मजुरी, बाटली. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला करडईचा भाव माहीत असतो, त्याच्या भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या रानात ती असते. त्याने पाटीसमोर उभं राहून मनात गुणाकार केला की "इतकं महाग का?" हा प्रश्न तो स्वतःच सोडवतो.

जागेबद्दल थोडक्यात. घरातून बरणी घेऊन या, स्वस्त देतो, असं तुमच्या एका पोस्टमध्ये आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे, राज्य सरकारने सूट दिली नसेल तर खाद्यतेल सुटं विकता येत नाही. अन्न परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्या आणि पॅकबंदच विका. पॅकवर नाव-पत्ता, परवाना क्रमांक, वजन, तारीख, कमाल किंमत नीट असू द्या. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड या बाजूंच्या वसाहतींत आठवड्यातला एकेक वार ठरवून घरपोच दिलंत, तर माणसाला तुमच्यापर्यंत यायची गरजही राहणार नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर तुमच्या मित्राचं "जाहिरात बंदच कर" हेही मला मान्य नाही, हे स्पष्ट करतो. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. उत्तम तेल काढून गप्प बसलेले घाणे मी बंद पडताना बघितले आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते तेल खरंच चांगलं होतं. जाहिरात करायचीच. पण सांगण्यासारखी बातमी असेल तेव्हा, आणि लोकांच्या हातात पैसा व घरात गरज असेल तेव्हा. नवी करडई घाण्यावर आली, ही फेब्रुवारी-मार्चमधली बातमी आहे. मे-जूनमध्ये लोणचं घालतात, तेव्हा एका घरात एरवीपेक्षा कितीतरी जास्त तेल लागतं. सोयाबीनचे पैसे आले की दिवाळी येते. या तीन वेळांना खर्च करा. बारा महिने तोच फ्लेक्स लावला तर पंधराव्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी बघत नाही. पोस्ट बूस्ट करताना दुकानाभोवती किती किलोमीटरपर्यंत ती दिसावी हे निवडता येतं; तुम्ही अख्खा मराठवाडा निवडला असावा, कारण लाइक लातूर-धाराशिवचे आहेत. ती माणसं तेल घ्यायला परभणीला येणार नाहीत.

आणि तुमच्या फ्लेक्सवरची "हृदयविकार, शुगर, सांधेदुखीवर रामबाण" ही ओळ आजच काढा. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या शुगरच्या पेशंटने ती ओळ वाचून गोळी सोडली तर? तेल चांगलं आहे, ते औषध नाही. "भाकरी, ठेचा आणि वरून करडईचं कच्चं तेल" एवढं लिहा. ज्याने लहानपणी ते खाल्लंय त्याच्या तोंडाला पाणी सुटेल आणि त्यात एक अक्षरही खोटं नाही.

खर्च परवडतो की नाही हे ठरवायचा हिशेब असा. समजा महिन्याच्या १५ हजारांत ३० नवी माणसं आली. एका माणसाला आणायला ५०० रुपये पडले. सगळा खर्च जाऊन किलोला ५० रुपये सुटत असतील तर त्याने दहा किलो तेल नेल्यावर तुमची जाहिरात फिटते. घर महिन्याला दोन किलो नेत असेल तर पाच महिने. एकदाच एक किलो नेऊन गेलं तर ४५० रुपये तुमच्या खिशातून गेले. त्यामुळे दोनशे पानी वही आणा आणि प्रत्येक विक्रीला फोन नंबर, तारीख, किती तेल नेलं आणि "आमच्याकडं कसं आलात?" याचं उत्तर लिहा. महिनाभराने कुणाचं तेल संपत आलं असेल ते वहीच सांगेल. त्या दिवशी त्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. मात्र ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, निरोप तुमचा नंबर सेव्ह करणाऱ्यालाच पोचतो, म्हणून तेल देतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

तर पुढचे दोन महिने असं करा. फ्लेक्स, भोंगा, पॅम्प्लेटं आणि पोस्ट बूस्ट करणं थांबवा. वाचलेल्या ३० हजारांतून दोन नितळायच्या टाक्या, सीलबंद झाकणाचे कॅन आणि नवी लेबलं आणा. बाटल्या उन्हातून आत घ्या. दर लिटरमध्ये लिहा, हिशेबाची पाटी लावा. मागच्या सहा महिन्यांत येऊन गेलेल्यांपैकी ज्यांचे नंबर असतील त्यांतल्या वीस जणांना स्वतः फोन करा आणि तेल विकायचा विषय न काढता फक्त विचारा की तेल कसं निघालं. पहिले पाच जण "छान होतं" म्हणतील, आपल्याकडे तोंडावर वाईट बोलत नाहीत. थोडं थांबा, "घरच्यांना वास-बीस आला का?" असं विचारा. मग कळेल.

वीस फोन झाले की त्यांची उत्तरं जशीच्या तशी इथे लिहा आणि बाटलीच्या लेबलचा मागून-पुढून फोटो टाका. गाळ, वास की भाव, कशामुळे माणसं तुटली ते त्यातून दिसेल, आणि मग दिवाळीच्या फ्लेक्सवर काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.